परवडणारा धूर

२०२१ च्या मे महिन्यात आमचे तात्या करोनातून उठले, पण नाक इस्पितळातच विसरून आले. हे वाक्य त्यांचेच. तात्या म्हणजे माझे थोरले मेहुणे. तीस वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते. आता पुण्यात पेन्शन, गुडघे आणि वर्तमानपत्र यांत दिवस घालवतात. वास गेला तशी चवही गेली. अक्काच्या हातची चिंचगुळाची आमटी त्यांना कोमट पाण्यासारखी लागू लागली, आणि अक्काने ते मनाला लावून घेतले.

डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी अशा चार तेलांच्या कुप्या सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, महिनोन् महिने. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच चार वास वापरले होते, आणि करोनानंतर ही पद्धत जगभर पोचली. तात्यांना पाचव्या महिन्यात लवंग आली. मग निलगिरीची नुसती झिणझिण. लिंबू अर्धेमुर्धे. गुलाब आजतागायत आलेला नाही.

मग एका होळीच्या रात्री सोसायटीच्या आवारात खुर्ची टाकून बसलेले असताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. ‘‘अरे, धूर येतोय मला. चक्क येतोय!’’ दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. ‘‘ग्लासगोला बोट लागली की आम्ही एक व्हिस्की प्यायचो. धुराची. ती शोध. डॉक्टर म्हणालेत, शनिवारी एक छोटा पेग चालेल. पण हे बघ, तीन हजारांच्या वर मी जाणार नाही. धुराला इतके पैसे देणारा माणूस मूर्ख.’’

मी चौतीस वर्षे महाविद्यालयात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवले. व्हिस्कीशी माझा संबंध लग्नसमारंभापुरता. पण तात्यांना आधी लवंग आली आणि मग धूर, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. लवंगेतले युजेनॉल आणि लाकडाच्या धुरातले ग्वायकॉल हे एकाच कुळातले रेणू आहेत. ग्वायकॉलच्या कड्याला तीन कार्बनची एक शेपटी जोडली की युजेनॉल होते. तात्यांच्या नाकातली नेमकी कोणती तार पुन्हा जुळली असेल हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण वाट कुठे जाते ते दिसत होते.

स्कॉचमधला धूर कुठून येतो, तिथपासून सुरुवात केली. तो पिंपातून येतो अशी माझी समजूत होती. पिंपे आतून जाळलेली असतात हे खरे, पण हा धूर त्यांचा नव्हे. तो धान्याचा आहे. आपण नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवून तिला मोड आणतो आणि मग वाळवतो. तेच सातूचे म्हणजे बार्लीचे केले की माल्ट होतो. मोड योग्य वेळी थांबवायचे तर दाणे भट्टीवर वाळवावे लागतात, आणि भट्टीला जळण लागते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर झाडे कमी आणि दलदल अफाट. त्या दलदलीत शेवाळे, हेदरची झुडपे आणि गवत हजारो वर्षे अर्धवट कुजत साठते, त्याला पीट म्हणतात. हा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर चढतो. लांब पात्याच्या फावड्याने त्याच्या विटा कापायच्या आणि गोवऱ्यांसारख्या रचून वाळवायच्या. म्हणजे धूर ही मुळात चैन नव्हती. दुसरे जळण नाही म्हणून आलेला तो वास होता. आपल्याकडे गोवरीवर तापवलेल्या दुधाला यायचा तसाच.

दाणे ओले असताना धुरातली फिनॉले त्यांच्या सालाला चिकटतात. किती चिकटली ते दशलक्ष भागांत मोजतात, त्याला पीपीएम म्हणायचे. आयला या एकाच बेटावर बोमोरचा माल्ट २५ च्या आसपास, लागावुलिन आणि कोल ईला यांचा ३५, आर्डबेगचा ५५. धुराचे शौकीन हे आकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे तोंडपाठ म्हणतात. पण हे मोजमाप बाटलीतले नाही, दाण्यातले आहे, आणि माझ्या मते इथेच गिऱ्हाईक फसते. दाण्यापासून बाटलीपर्यंत जाताना फिनॉलांचा मोठा हिस्सा गळतो. शिवाय ती जड असल्यामुळे ऊर्ध्वपातनात उशिरा येतात. धारेचा कोणता भाग ठेवायचा आणि शेपूट कुठे तोडायची, यावर धूर ठरतो. लागावुलिन आणि कोल ईला दोघांनाही पोर्ट एलनच्या एकाच माल्टघरातून जवळजवळ सारखाच माल्ट जातो, तरी एकाची व्हिस्की दाट आणि दुसऱ्याची हलकी, तेलकट, स्वच्छ धुराची.

यापुढची गोष्ट माझ्या कामाची होती. पिंपात वर्षे जातात तसा धूर मवाळ होतो. पंचवीस-तीस वर्षे मुरलेली आयलाची व्हिस्की हुंगणारे लोक फळांबद्दल आणि मधाबद्दल बोलतात. धूर मागच्या खोलीत गेलेला असतो. धुराचा जोर तरुण व्हिस्कीत. आणि स्कॉच महाग होते ती प्रामुख्याने वयामुळे, कारण पिंप गोदामात पडून राहते, दरवर्षी त्यातले काही उडून जाते आणि भांडवल अडकते. म्हणजे वय महाग आहे, धूर नाही. तात्यांचा तीन हजारांचा हट्ट रसायनशास्त्राच्या विरुद्ध नव्हता.

बाजाराच्या विरुद्ध मात्र होता. तो का, हे समजण्यासाठी ब्लेंडचा इतिहास पाहावा लागतो. एनिअस कॉफी या आयरिश अबकारी अधिकाऱ्याने १८३० मध्ये अखंड चालणाऱ्या उभ्या स्टिलचे पेटंट घेतले. त्यातून धान्याची हलकी, सौम्य आणि स्वस्त व्हिस्की भरपूर निघू लागली. १८६० च्या कायद्याने माल्ट आणि ही धान्याची व्हिस्की कर भरण्याआधीच सरकारी गोदामात एकत्र करायला परवानगी दिली. त्यानंतर एडिंबरा, लीथ, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन इथल्या व्यापाऱ्यांनी ब्लेंडचा व्यवसाय उभा केला. त्यांच्यातले कित्येक मूळचे किराणा आणि चहाचे दुकानदार. निरनिराळ्या मळ्यांचा चहा मिसळून बारमाही एकच चव द्यायची ही विद्या त्यांच्या हातात आधीपासून होती.

त्या मिश्रणात आयलाचा धुरकट माल्ट हिंगासारखा पडे. हिंग आमटीत हवा, पण आमटी हिंगाची व्हायला नको. उत्तरेकडे स्पे नदीच्या खोऱ्यात १८६३ मध्ये रेल्वे आली, तिच्यामागून कोळसा आला आणि तिथल्या भट्ट्यांतले पीट हळूहळू कमी झाले. बेटांवर ते टिकले. लंडनच्या गिऱ्हाइकाला सौम्य माल हवा होता. त्यामुळे ब्लेंडरचे कसब धूर वाढवण्यात नसून आवरण्यात मानले गेले.

याचा परिणाम शंभर वर्षांनी दिसला. १९८० च्या दशकात ब्लेंडची मागणी घसरली, तेव्हा पहिली कुऱ्हाड धुरकट माल्टवर पडली. आर्डबेग १९८१ मध्ये बंद झाली, पोर्ट एलन १९८३ मध्ये. हिंगाला गिऱ्हाईक उरले नव्हते. पुढे सिंगल माल्टची हौस वाढली आणि त्याच पोर्ट एलनच्या उरलेल्या पिंपांतली व्हिस्की लिलावात जाऊ लागली. ती भट्टी २०२४ मध्ये पुन्हा पेटवली गेली. धूर आता प्रतिष्ठित झाला आहे, आणि प्रतिष्ठेची किंमत वेगळी लावतात. जॉनी वॉकरच्या घरातच पाहा. ब्लॅक लेबलवर १२ वर्षांचा आकडा आहे. २०११ च्या सुमारास आलेल्या डबल ब्लॅकवर वयाचा आकडाच नाही, धूर जास्त आहे आणि किंमतही जास्त आहे. तात्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘म्हणजे मी म्हटलं तेच. मूर्ख.’’

आता ग्लासगोची ती बाटली. तात्यांना नाव आठवत होते, ‘ब्लॅक बॉटल’. पण बाटली हिरवी होती असेही ते शपथेवर सांगत होते, आणि अक्का त्यांच्याकडे काळजीने पाहत होती. दोघांनाही धीर देता आला. अ‍ॅबर्डीनच्या ग्रॅहम बंधूंनी, तेही चहावालेच, १८७९ मध्ये ही व्हिस्की विकायला काढली ती जर्मनीहून आणलेल्या काळ्या काचेच्या बाटलीत. पहिल्या महायुद्धात ती काच यायची थांबली आणि बाटली हिरवी झाली. नाव तेच राहिले. १९९० च्या दशकात नव्या मालकांनी या ब्लेंडला पूर्णपणे आयलाचे वळण दिले; बेटावरच्या त्या वेळच्या सातही भट्ट्यांचा माल्ट त्यात आहे अशी तिची ख्याती होती. तात्यांच्या ग्लासगोच्या फेऱ्या नेमक्या त्याच वर्षांतल्या. स्वस्त ब्लेंड आणि इतका धूर, असा योग क्वचित येतो. २०१३ मध्ये बाटली पुन्हा काळी झाली आणि त्याबरोबर आतली चवही अ‍ॅबर्डीनच्या जुन्या धाटणीकडे वळवली गेली. धूर पार गेला नाही, मागे सरला. म्हणजे तात्यांना हवी असलेली व्हिस्की त्या नावाच्या बाटलीत आता नाही. ब्लेंड हे कायमचे पक्वान्न नसते. मालक बदलतात, भट्ट्या विकल्या जातात, पाककृती सरकते, आणि नाव मात्र जागच्या जागी राहते.

हे सांगायला मी फोन केला नाही, स्वतः गेलो. तात्या थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘बरं, मग दुसरी बघ.’’

दुसरी बघायची तर पुण्यातल्या दुकानात जे मिळते त्यातून. (महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना लागतो, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळले. काढला.) दुकानदाराला धुराची स्कॉच मागितली तर त्याने ज्या डब्यावर ढग छापले होते तो पुढे केला. म्हणून लेबल वाचायला शिकणे आले.

पहिली चाळणी शब्दांची. ‘ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की’ हे तीन शब्द एकत्र हवेत. ‘स्कॉच माल्टयुक्त’ अशा अर्थाचे काही लिहिलेले असेल, तर बहुधा ती इथली व्हिस्की असते आणि तिचा बराचसा पाया उसाच्या मळीपासून केलेल्या अल्कोहोलचा असतो. ती वाईट असते असे नाही, पण मी जे शोधत होतो ते तिच्यात नव्हते. दुसरी चाळणी बाटली कुठे भरली याची. सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद झाला पाहिजे, असा तिथल्या नियमांचा दंडक २०१२ पासून आहे. ब्लेंडला तो नाही. तीन वर्षे स्कॉटलंडच्या पिंपात मुरलेले ब्लेंड टाकीतून भारतात येऊ शकते आणि इथे पाणी घालून बाटलीत भरता येते. ते स्कॉचच राहते. आयात शुल्क मालाच्या किमतीवर लागते, आणि सजवलेल्या बाटलीपेक्षा टाकीतल्या मालाची किंमत कमी. आपल्याकडे परवडणारी स्कॉच म्हणजे जवळजवळ नेहमी भारतात भरलेले ब्लेंड, त्याचे कारण हे. २०२२ मध्ये भारताने २१ कोटी ९० लाख बाटल्यांएवढी स्कॉच घेऊन फ्रान्सलाही मागे टाकले, त्यातला मोठा भाग असाच टाकीतून आलेला. २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचे उत्पादन शुल्क निम्म्यावर आणले. २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी झालेल्या करारात तर १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर आणायचे ठरले आहे. तात्या त्या दहा वर्षांचा हिशेब करून हसले.

इथे भरलेल्या बाटलीला लोक उगाच नाक मुरडतात. तिच्यावर ४२.८ टक्के छापलेले असते, आणि युरोपात तेच ब्लेंड बहुधा ४० टक्क्यांनी विकतात.

तिसरी चाळणी सर्वांत महत्त्वाची, आणि ती लेबलावर नसते: या ब्लेंडच्या मागे घरची भट्टी कोणती? प्रत्येक मोठ्या ब्लेंडला एक-दोन माहेरे असतात. जॉनी वॉकरच्या धुराचे माहेर मुख्यतः कोल ईला. व्हाइट हॉर्सचे लागावुलिन, कारण तिचा जन्मदाता पीटर मॅकी लागावुलिनच्या मालकाचा पुतण्या होता. आणि टीचर्सचे आर्डमोर.

या तिसऱ्या नावाशी मी थांबलो. विल्यम टीचरने ग्लासगोत दारूची दुकाने चालवली आणि त्याच्या पश्चात १८८४ मध्ये ‘हायलँड क्रीम’ हे नाव नोंदवले गेले. त्याच्या मुलाने, अ‍ॅडमने, १८९८ मध्ये अ‍ॅबर्डीनशायरमध्ये केनेथमाँटजवळ आर्डमोरची भट्टी उभारली ती याच ब्लेंडला माल्ट पुरवण्यासाठी. आजूबाजूच्या भट्ट्यांनी पीट सोडले, आर्डमोरने ठेवले. तिचा माल्ट १२ ते १४ पीपीएमचा, म्हणजे आयलाच्या निम्म्याहूनही कमी. पण टीचर्समध्ये माल्टचे प्रमाण सुमारे ४५ टक्के, स्वस्त ब्लेंडांच्या मानाने बरेच जास्त, असल्याचे सांगितले जाते. चिमूटभर हिंगाऐवजी फोडणीच त्या तेलाची. भारतात भरली जाते, आणि किंमत तात्यांच्या रेषेच्या आत.

एक फरक तात्यांना आधी सांगून ठेवणे भाग होते. मुख्य भूमीवरचे पीट आणि आयलाचे पीट सारखे जळत नाही. आयलाच्या धुरात क्रिसॉलांचा, म्हणजे इस्पितळाच्या फरशीचा आणि आयोडीनचा वास असतो. आर्डमोरचा धूर कोरडा, लाकडाचा. ग्लासगोची आठवण आयलाची होती.

त्यावर एक तोड निघाली, आणि ती भाच्याने काढली. तो लीड्सला असतो. येताना विमानतळावरून त्याने लफ्रॉइगची दहा वर्षांची बाटली आणली. आमच्या आकड्याच्या कितीतरी बाहेरची. ती पेगाने प्यायची नाही, चमच्याने वापरायची, असे आम्ही ठरवले. साडेसातशे मिलीच्या बाटलीत पाच मिलीचे दीडशे चमचे होतात. शनिवारी एक चमचा म्हटले तरी जवळजवळ तीन वर्षे. ब्लेंडर जे गोदामात करतो ते आम्ही डायनिंग टेबलावर करणार होतो. अर्धी रिकामी बाटली हवेने मंदावते, म्हणून मी प्रयोगशाळेतल्या सवयीने ती छोट्या कुप्यांत काठोकाठ भरून ठेवली.

पाण्याचेही सांगतो. ब्लेंडर नमुने हुंगतात ते २० टक्क्यांपर्यंत पातळ करून. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये संगणकावर रेणूंची हालचाल मांडून दाखवले की अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायकॉल पृष्ठभागाजवळ राहते आणि तीव्रता वाढली की ते द्रवात आत खोल जाते. पाणी घातल्याने धूर मरत नाही, वर येतो. बर्फाने मात्र बसतो. आपल्याकडे पेग म्हणजे आधी ग्लासभर बर्फ. मग धूर शोधायचा कुठे?

शनिवारी संध्याकाळी चार वाट्या मांडल्या. खरे तर ट्यूलिपच्या आकाराचे ग्लास हवेत, पण अक्काच्या लोणच्याच्या वाट्या तोंडाला निमुळत्या आहेत. वाट्यांना खालून आकडे चिकटवले. एक : खपाचे एक नावाजलेले ब्लेंड. दोन : रेड लेबल. तीन : टीचर्स. चार : टीचर्स आणि लफ्रॉइगचा चमचा. प्रत्येकीत जवळजवळ तेवढेच पाणी. तात्यांनी डोळे मिटले. हुंगायला डॉक्टरांची मर्यादा नव्हती.

पहिल्या वाटीला त्यांनी मान हलवली. काही नाही. दुसरीला म्हणाले, ‘‘गल्लीच्या टोकाला कुणीतरी विडी ओढतोय.’’ चौथी त्यांच्या हाती तिसरीच्या आधी आली. तिच्यावर ते बराच वेळ वाकून बसले. ‘‘हे ग्लासगो. इंजिनरूममध्ये वायर जळालीय आणि वर सलूनमध्ये कुणी जखमेला आयोडीन लावतंय. हेच.’’ मी भाच्याकडे पाहिले. काम झाले असे वाटले.

मग तिसरी. ती त्यांनी दोनदा हुंगली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

‘‘बंब,’’ ते म्हणाले. ‘‘वाड्यातला. सकाळी आई पेटवायची तो. अजून नीट पेटलेला नाही, नुसता धुमसतोय.’’

अक्काने वाटी त्यांच्या हातातून घेऊन स्वतः हुंगली. आयुष्यात पहिल्यांदाच ती अशी वाटी नाकाजवळ नेत असेल. ‘‘बंब कसला, भरताचं वांगं आहे हे,’’ ती म्हणाली आणि परत दिली.

छोटा पेग तात्यांनी तिसऱ्याचा घेतला. चमचा नको म्हणाले; तो सणावारी. मी त्यांना आर्डमोर, १८९८ आणि पीपीएम सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी हाताने थांबवले आणि अक्काला विचारले, उद्या वांगी आणायची का.